चमच्यावरून ओघळणारं नको : बाळाचा वरचा आहार सुरू करताना

सहा महिने पूर्ण होत आले की घरात एकच चर्चा सुरू होते, आता बाळाला वरचं काय द्यायचं? बहुतेक घरांत पहिलं उत्तर ठरलेलं असतं: वरणाचं पाणी. त्यानंतर भाताची पेज, साबुदाण्याची खळ, सफरचंदाचा रस. पचायला हलकं हवं, हा त्यामागचा विचार. तो मायेपोटीच येतो. पण या पाण्यातून बाळाला नेमकं काय मिळतं याचा हिशेब मांडला, तर काळजी वाटावी असं चित्र दिसतं.

वरच्या आहाराबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी ही सांगेन: चमचा तिरका केला तरी त्यावरचं अन्न ओघळून जाता कामा नये. बाळाला देताना ते मऊ हवं, पण घट्ट हवं.

हिशेब असा. बाळाचं पोट लहान असतं. एका वेळी त्यात वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलिलिटर एवढंच मावतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात जेमतेम २४० मिलिलिटर, आणि त्यातही दुधाला जागा ठेवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३०० पर्यंत जाते आणि वर्षानंतर ५५० पर्यंत.

आता आईचं दूध घ्या. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ६५ ते ७० कॅलरी असतात. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम तांदळाच्या कण्या काढून १०० मिलिलिटर पेज केली, तर तिच्यात ३५ च्या आसपास कॅलरी उतरतात. वरणाचं वरचं निवळ पाणी तर त्याहूनही रिकामं, कारण डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट खालच्या गाळात राहतात आणि ते आपण मोठ्यांच्या ताटात वाढतो. म्हणजे दुधापेक्षाही पातळ अन्न देऊन आपण बाळाचं पोट भरतो. पोट भरल्यामुळे ते दूधही कमी पितं. बाळ "छान पेज पितं" आणि तरी वजन वाढत नाही, याचं कारण बरेचदा इथेच सापडतं.

तीच वाटी वेगळी भरून बघा. १५ ग्रॅम तांदूळ, सात-आठ ग्रॅम मूगडाळ, मऊ शिजवून कुस्करलेली आणि वर एक छोटा चमचा साजूक तूप. कॅलरी १२० च्या आसपास गेल्या, शिवाय डाळीची प्रथिनं आली. तूप पाच ग्रॅम घातलं तरी त्यातून ४५ कॅलरी मिळतात आणि वाटीतली जागा जवळजवळ वाढत नाही. लहान मुलाच्या जेवणात तूप किंवा तेल घालायला हात आखडू नका. वजन वाढेल, ही मोठ्यांची भीती या वयाला लावायची नाही.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. त्या काळात पाणीसुद्धा लागत नाही, अगदी चंद्रपूरच्या उन्हाळ्यातही नाही, कारण दुधात पाणीच सर्वाधिक असतं. सहाव्या महिन्यानंतर मात्र दोन गोष्टी एकदम घडतात. बाळाची गरज दुधापेक्षा पुढे जाते आणि जन्माच्या वेळी शरीरात साठवलेलं लोह संपत येतं. दुसरीकडे बाळाची तयारीही झालेली दिसते. मान सावरलेली असते, आधार दिला की ते बसतं, आपल्या घासाकडे टक लावून बघतं, हात पुढे करतं. आणि तोंडात घातलेलं काहीही जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात सवय ओसरलेली असते. चौथ्या महिन्यात भरवायला गेलं की बाळ सगळं बाहेर काढतं, ते या सवयीमुळे. लवकर अन्न दिलं तर बाळ रात्री गाढ झोपेल, या आशेवर घाई करू नका. दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळांचा हिशेब वेगळा असतो. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

इथे उष्टावणाचा मुद्दा येतो. आपल्याकडे मुलाचं उष्टावण सम महिन्यात, म्हणजे सहाव्या किंवा आठव्यात आणि मुलीचं विषम, म्हणजे पाचव्या किंवा सातव्यात करायची रीत बऱ्याच घरांत आहे. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटणारं बाळ बघणं हा आनंदाचाच क्षण आहे, तो साजरा करायलाच हवा. फक्त अन्न मुहूर्तासाठी थांबवू नका. मामाला सुट्टी मिळत नाही म्हणून आठव्या महिन्यापर्यंत बाळ नुसत्या दुधावर राहिलं, तर ते दोन महिने त्याच्या वाढीतून जातात. समारंभ पुढेमागे होऊ द्या, १८० दिवस पूर्ण झाले की घास सुरू करा. पाचव्या महिन्यात मुलीचं उष्टावण ठरलंच असेल, तर बोट ओठांना लावण्यापुरतं ठेवा आणि रोजचं जेवण सहा महिने झाल्यावर.

खिमट आणि मोडाची नाचणी

बाजारातले डबे नव्हते तेव्हाही महाराष्ट्रात बाळं जेवत होतीच. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून त्याची भरड काढून ठेवायची. लागेल तेव्हा दोन चमचे भरड पाण्यात, जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हळद-हिंग घालून मऊ शिजवायची. झालं खिमट. धान्य आणि डाळ एकत्र आल्यामुळे एकातली प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. यातच उकडलेला लाल भोपळा, गाजर, पालक किंवा दुधी कुस्करून घातला की पूर्ण जेवण तयार. सोलापूरकडे तांदळाऐवजी ज्वारी घ्या, कोकणात आणि गोव्यात नाचणी. गोव्यातली तिजान, म्हणजे नाचणीची लापशी, कित्येक पिढ्यांनी लहानपणी खाल्ली आहे.

नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळाच्या कितीतरी पट. पण तिचा खरा गुण मोड आणल्यावर दिसतो, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुठल्याही पिठाची लापशी घट्ट केली की ती खळीसारखी चिकट होते आणि बाळाला गिळवत नाही. मग आपण पाणी वाढवतो आणि पुन्हा तोच रिकामा घास. मोड येताना धान्यात एक विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. गरम घट्ट खिमटात चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळलं, तर काही मिनिटांत खिमट सैल पडतं. इथे पाणी वाढलेलं नसतं, पीठ तेवढंच असतं, फक्त गिळायला सोपं होतं. नंतर त्याला पुन्हा एक चांगली उकळी द्यायची, कारण मोड आणताना त्यात जंतू वाढलेले असू शकतात. मोड आणल्याने लोह शोषायला अडवणारे घटकही कमी होतात. नाचणी वाळवल्यावर ती फार खरपूस भाजू नका, जास्त उष्णतेने ते विकर निकामी होतं. आणि फडक्यातून गाळून काढलेलं पांढरं सत्त्व म्हणजे मुख्यतः पिष्टच. त्यापेक्षा बारीक दळून चाळलेलं पीठ बाळाला जास्त देतं.

लोह, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं

२०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. तीन मुलांमागे दोन. गरिबी हे एक कारण आहेच, पण खाऊनपिऊन सुखी घरांतलं बाळही पेज, बिस्कीट आणि गाईच्या दुधावर वाढलं तर याच आकड्यात जाऊन बसतं. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ पहिल्या दोन वर्षांत होते आणि त्या कामाला लोह लागतंच. म्हणून हा मुद्दा मी जोर देऊन सांगतेय.

मांसाहारी घरात उत्तर सोपं आहे, फक्त ते उशिरा दिलं जातं. पूर्ण शिजलेलं अंडं, नीट शिजवून बारीक केलेलं चिकन, थोडी कलेजी, काटे काळजीपूर्वक काढलेला मासा हे सगळं सहा महिन्यांनंतर देता येतं. त्यातलं लोह शरीर चटकन शोषून घेतं. वर्षाचं होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. शाकाहारी घरात डाळी, मोडाची कडधान्यं, नाचणी, हिरव्या पालेभाज्या यांतून लोह येतं, पण ते कमी शोषलं जातं. त्यावर लिंबाचे चार थेंब पिळले, सोबत पेरू, टोमॅटो किंवा संत्र्याचा गर दिला, तर क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढतं. चहा याच्या नेमका उलट वागतो. चहात बुडवलेलं बिस्कीट हा बाळाचा खाऊ समजणारी घरं आजही पुष्कळ आहेत. ते कृपा करून थांबवा.

शिवाय, आशाताई किंवा परिचारिका देतात ती लोहाची बाटली कपाटात ठेवून देऊ नका. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर असं ते औषध द्यायचं असतं. त्याने शी काळसर होते. ते अपेक्षितच आहे, घाबरण्याचं कारण नाही.

शेंगदाण्याचा कूट लवकर द्यायचा की उशिरा?

बराच काळ डॉक्टरच सांगत असत की ॲलर्जी होऊ शकणारे पदार्थ उशिरा द्या. ते मत बदललं, आणि ज्या पदार्थामुळे बदललं तो आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत आणि भाजी-आमटीत असतोच. लंडनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी तेल अवीवमधल्या मुलांपेक्षा सुमारे दहापट आढळली. वंश सारखाच, फरक एवढा की इस्राएलमधली बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खात होती. मग लंडनमध्ये प्रत्यक्ष प्रयोग झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्याची ६४० बाळं त्यात होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांची होईपर्यंत ज्यांना शेंगदाणा दिलाच नाही, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली. ज्यांना लहानपणापासून नियमित दिला, त्यांच्यात सुमारे ३ टक्के.

म्हणून बाळ दोन-चार साधे पदार्थ खाऊ लागलं की अगदी बारीक, पिठासारखा कूट खिमटात किंवा दह्यात मिसळून पाव चमचा द्या. अंड्याचंही तसंच. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या लागल्या तर डॉक्टरांकडे, श्वास घ्यायला त्रास झाला तर तत्काळ रुग्णालयात. बाळाला आधीच तीव्र इसब असेल तर शेंगदाणा आणि अंडं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत नाही.

काय थांबवून ठेवायचं

मध वर्षापर्यंत अजिबात नको. गुटीत उगाळून नको, बोटाने चाटवून नको, उकळूनही नको. मधात एका जिवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना वाढायला वाव मिळत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मिळतो आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. घरच्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

मीठ वर्षापर्यंत आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळा. हे अवघड वाटतं, पण करायचं फार थोडं असतं. कुकर उघडल्यावर मीठ-तिखट पडण्याआधी बाळाचा वरण-भात बाजूला काढायचा. आपल्याला अळणी लागतो तो भात त्याला अळणी लागत नाही, त्याने मीठ अजून ओळखलेलंच नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच. त्यात लोह फार कमी, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे नकळत थोडं रक्तही जातं. घरचं ताजं दही, थोडं पनीर चालतं. फळाचा रस नको, फळ कुस्करून द्या.

तयार डब्यांबद्दल थोडक्यात. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. कारण या जाहिराती आयांच्या मनात आपलं दूध आणि आपला स्वयंपाक पुरेसा नाही अशी शंका पेरतात. प्रवासात कधी डबा वापरलात तर काही बिघडत नाही. घटकांच्या यादीत साखर कितव्या जागी आहे ते मात्र वाचा. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचाच बरा, बाटलीचं बूच खरोखर स्वच्छ ठेवणं कठीण असतं.

घास अडकण्याची भीती

या भीतीपोटी कित्येक घरांत बाळ वर्षाचं झालं तरी सगळं मिक्सरमधून फिरवलेलं खातं. त्याचा तोटा होतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना गुठळीचं अन्न नऊ महिन्यांनंतर मिळालं ती मुलं पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त अडून बसणारी निघाली, आणि सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खात होती. चावायला शिकण्याचाही एक काळ असतो. म्हणून सुरुवातीला वाटीच्या बुडाने गुळगुळीत कुस्करलेलं, सात-आठ महिन्यांपासून किंचित गुठळ्या ठेवून, आठव्या-नवव्या महिन्यात हातात धरायला उकडलेल्या गाजराची बोटं, मऊ केळं, तुपात भिजवलेल्या पोळीचा मऊ तुकडा आणि वर्षाला घरचंच जेवण. दात आले नसले तरी हिरड्यांनी मऊ अन्न छान चावता येतं.

बाळाला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, घास जिभेवर परत येतो. हे शिकण्यातलंच आहे. आवाज येतोय, खोकतंय, तोवर त्याला खोकू द्या. खरा धोका असतो तेव्हा बाळ गप्प होतं. आवाज नाही, रडू नाही, ओठ निळे पडू लागतात. अशा वेळी वर्षाखालच्या बाळाला पालथं हातावर घ्या, डोकं धडापेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा. बेशुद्ध पडलं तर छातीदाब आणि कृत्रिम श्वास सुरू करावे लागतात, ते प्रशिक्षण आधीच घेऊन ठेवावं. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, पाय धरून उलटं लटकवू नका, या वयात पोटावर दाब देऊ नका.

फुटाणे, चणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड, ओल्या नारळाचा तुकडा हे सगळं लहानग्यांच्या हाताच्या टप्प्यात नको. आणि बोरन्हाण! संक्रांतीनंतर हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावर आपण बोरं, चुरमुरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, गोळ्या ओततो आणि ती वेचायला जमलेली सगळीच मुलं तोंडात टाकतात. समारंभ हौसेने करा. फक्त बाळाच्या डोक्यावर चुरमुरे तेवढे ओता, बाकी खाऊ मोठ्या मुलांना पुड्या करून द्या.

किती आणि कसं

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मधे एखादा खाऊ. हे आकडे दिशा दाखवण्यापुरते. कुठलं बाळ आज वाटी चाटून पुसून संपवेल, उद्या तोंड फिरवेल. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवा. जेवताना दोन घोट उकळून गार केलेलं पाणी वाटीने द्यायला हरकत नाही.

नवी चव पहिल्याच दिवशी आवडेल ही अपेक्षा सोडा. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आल्यावर बाळ एखादी भाजी स्वीकारतं. तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे नावडलं असं नसतं, ते फक्त अनोळखी असतं. नाक दाबून किंवा हात धरून भरवू नका. मोबाइल दाखवून भरवलं की घास जातो खरा, पण पोट भरल्याची जाणीव त्याच्यापर्यंत पोचत नाही. समोर बसा, त्याच्याशी बोला, त्याला वाटीत हात घालू द्या, सांडू द्या. घरातले सगळे जेवायला बसतात तेव्हा त्यालाही मांडीवर घ्या. वाढीचा आलेख माता-बाल संरक्षण कार्डावर भरून घ्या. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात त्या याचसाठी. दोन वजनांच्या मधे रेषा सपाट दिसली तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता विचारा.

आजारपणात अन्न बंद करायची जुनी सवय आहे. जुलाब झाले की फक्त साबुदाण्याचं पाणी. वास्तविक तेव्हाच शरीराची झीज होत असते. ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक चालू ठेवून, अंगावर जास्त वेळा पाजा आणि नेहमीचंच मऊ जेवण थोडं थोडं करून द्या. बरं वाटू लागलं की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, घट्ट आणि वर तुपाचा चमचा घातलेलं.